भोरड्यांना परत बोलवा

ता. १२ नोव्हेंबर

चि. टिल्ल्यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू सहा फुटांचा झालास, डोक्यावर विरळ झालास, तरी मला टिल्ल्याच. पाकिटावर तुझं भारदस्त नाव घातलं आहे, आत मात्र हेच चालायचं. फोन न करता पत्र का लिहिते आहे हे तुला सांगायला नको. ज्या गोष्टीवरून भांडण होईल ती कागदावर लिहायची, कारण कागदावर ओरडता येत नाही, हा आईचा नियम. या खेपेला तो पाळायलाच हवा. मला तुझ्याकडून काहीतरी हवं आहे आणि तू आधी नाहीच म्हणणार आहेस.

आमच्या लॉन्ड्रीसमोर कालव्याकाठी ती मोठी झाडं आहेत ना, त्यांवर यंदा भोरड्या उतरल्या आहेत. मैनेच्या जातीची, काळ्या डोक्याची आणि फिकट अंगाची पाखरं. दिवसभर कुठे कुठे चरतात आणि तिन्हीसांजेला झोपायला इथे येतात. येता येता आमच्या गच्चीवर थांबतात. माझा निळीचा हौद तर त्यांनी न्हाणीघर करून टाकला आहे. मी त्यात इस्पितळाच्या चादरी बुडवायच्या, की ह्या बायांनी आधी अंघोळी उरकायच्या? वर दोरीवरच्या चादरींवर शिटायचं ते वेगळंच. मागच्या आठवड्यात मेट्रनबाईंनी अख्खं गाठोडं परत पाठवलं. पुन्हा डाग दिसला तर काम दुसरीकडे जाईल, असं त्यांनी ह्यांना तोंडावर सांगितलं. इस्पितळ गेलं तर आमच्याकडे उरतं काय? चार शर्ट आणि मास्तरांचे पायजमे.

तू म्हणशील, चादरी लवकर काढ. कशा काढू? वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर सकाळी घरी शिकवण्या घेतात. बॉयलरच्या धडधडीने मुलांची गणितं चुकतात अशी त्यांनी तक्रार केली. तेव्हापासून बॉयलर उशिरा पेटतो, चादरी दुपारी दोरीवर चढतात आणि ह्या थंडीत संध्याकाळपर्यंत दमटच राहतात. शेजारच्या पांढऱ्या गाडीवाल्याचं रडगाणं निराळं. नवी कोरी गाडी, सकाळी बघावी तर ठिपक्यांची. त्याने आणि मी मिळून नगरपालिकेकडे तक्रार दिली आहे, झाडंच तोडा म्हणून. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. पहिली माझी.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते, ह्यांना सांगू नकोस. परवा मी झाडू घेऊन गच्चीत दबा धरून बसले होते. म्हटलं, आज येऊ देत, एकेकीला बघतेच. आधी आवाज आला, लांब कुणीतरी सुपात धान्य पाखडतंय असा. मग आभाळाचा एक तुकडा हलायला लागला. लांब झाला, गोल झाला, मधोमध फाटला, पुन्हा आपोआप शिवला गेला. एवढ्या पाखरांत कुणाचा कुणाला धक्का नाही. आमच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर अर्धा दिवस तंटा चालतो. आणि हे एवढं मोठं काहीतरी माझ्या डोक्यावरून वळलं, कुणी वळा म्हणून सांगितलं नसताना. झाडू कधी खाली पडला कळलं नाही. सगळ्या झाडांवर बसल्या तेव्हा लक्षात आलं की माझं तोंड उघडंच होतं. भोरड्यांखाली तोंड उघडं ठेवून उभं राहणं किती धोक्याचं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

पण आश्चर्याने चादरी पांढऱ्या होत नाहीत. विमानतळावर पाखरं हाकण्याचा तुला पगार मिळतो. ती जी काय युक्ती आहे ती बहिणीला पाठव.

उत्तराची वाट बघते. लोभ आहेच, त्यावर डाग पडू देऊ नकोस.

तुझी ताई

---

ता. १८ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जीपमध्ये बसून वाचलं आणि इतका हसलो की शेजारच्या सहकाऱ्याने मला पाणी दिलं. मी नाही म्हणणार असं तू ठरवूनच टाकलंस. तेव्हा तुला खोटं पाडायला हो म्हणतो.

सोबत एक जुना कर्णा पाठवतो आहे. भांडारातून बाद झालेला, साहेबांना विचारून घेतला आहे. त्यात भोरडीची किंकाळी भरून ठेवली आहे. ससाण्याने पकडल्यावर ती जी फोडते, ती. ही ऐकली की बाकीच्या समजतात, इथे मरण आहे, आणि जागा सोडतात. पण नियम पाळ. संध्याकाळी त्या बसायला येतात तेव्हाच लाव, थोडाच वेळ लाव, आणि वळल्या की लगेच बंद कर. दिवसभर लावायची नाही. रोज तीच किंकाळी ऐकली की पाखरू म्हणतं, ही आपली नेहमीचीच रडारड. मग ते कशालाच भीत नाही. आमच्याकडे हेच एक हत्यार आहे, ते बोथट करायचं नसतं.

तू त्यांच्या वळण्याचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. ताई, मला भोरडीचं वजन माहीत आहे. ती किती उंचावरून उडते ते माहीत आहे. इंजिनात एक गेली तर काय होतं आणि थवा गेला तर काय होतं, तेही माहीत आहे. म्हणून त्या दिसल्या की माझा हात आपोआप बार काढायच्या पिस्तुलाकडे जातो. इतकी वर्षं हे काम करतो आहे, पण पाखरं बसताना कशी दिसतात हे मला खरंच ठाऊक नाही. मी पाहिलेलं प्रत्येक पाखरू पाठमोरं होतं.

तुझी गल्ली ते आमची धावपट्टी म्हणजे बसने अर्धा दिवस मोडतो, पण पंख असले तर आपण शेजारीच. तेव्हा हाकल, पण माझ्याकडे हाकलू नकोस म्हणजे झालं.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावर माया असू द्यावी, ती कर्णा पोचण्याआधीही होती हे मी धरून चालतो.

तुझा टिल्ल्या

---

ता. ९ डिसेंबर

चि. टिल्ल्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेल्या एकदाच्या! गल्लीत आनंदीआनंद आहे. पांढऱ्या गाडीवाल्याने सगळ्यांना चहा पाजला, आणि हा मनुष्य कुणाला पाणीसुद्धा विचारत नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं? तू संध्याकाळी थोडा वेळ म्हणालास. पण तुझी ताई खोकल्याचं औषधसुद्धा दुप्पट घेते. मी कर्णा सकाळी लावायची तो दिवेलागणीला बंद करायची. पहिले काही दिवस त्या बिथरल्या. मग तू म्हणालास तसंच झालं. एक भोरडी चक्क कर्ण्याच्या तोंडावर येऊन बसली आणि पंख साफ करू लागली. मग आम्ही साधा उपाय केला. सगळी गल्ली पत्र्याचे डबे आणि मोठे दिवे घेऊन रोज संध्याकाळी झाडांखाली. शेवटी त्यांनी हार मानली.

ज्या दिवशी गेल्या त्या दिवशीचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही डबे बडवत होतो, आणि सगळ्या झाडांवरून त्या एकदम उठल्या. अंगाला वारा लागला, टिल्ल्या. पंखांचा वारा. माझ्या ओल्या, जड चादरी त्या वाऱ्याने दोरीवर हलल्या. गल्लीत क्षणभर अंधारून आलं. डबे आपोआप थांबले. पांढऱ्या गाडीवाला डबा हातात धरून वर बघत राहिला. मग आभाळ मोकळं झालं आणि सगळे एकदम मोठमोठ्याने बोलायला लागले.

चादरी आता दुधासारख्या. मेट्रनबाईंचं तोंड गोड झालं आहे. नगरपालिकेचा हुकूमही आला, अठरा जानेवारीला झाडं तोडणार, म्हणजे पुढच्या वर्षी ही ब्याद नको. सगळं मनासारखं झालं. तरी संध्याकाळी काम आटोपलं की मी गच्चीत जाऊन उभी राहते. हे विचारतात, काय राहिलं वर? मी म्हणते, काही नाही, दोरी बघायला आले होते.

तुझा कर्णा पुसून ठेवला आहे. तुझ्या उपकारांखाली दबलेली, पण त्याची सवय होऊ न देणारी,

तुझी ताई

---

ता. २० डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. आमच्या धावपट्टीच्या टोकाला दलदल आहे, तिथे लव्हाळ्याचं रान माजलं आहे. गेल्या काही दिवसांत तिथे भोरड्यांचा थवा मुक्कामाला आला आहे. असा थवा माझ्या नोकरीत मी पाहिलेला नाही. किंकाळी लावली, तर ढिम्म. नव्या मशीनवरून लावली, आवाज वाढवला, तरी ढिम्म. आयुष्यभर तेच ऐकत आल्यासारख्या बसून राहिल्या. बार काढले की उठतात, धावपट्टीवरून एक फेरी मारतात आणि पुन्हा तिथेच येतात. म्हणजे उठवणं हे न उठवण्यापेक्षा वाईट.

मंगळवारी संध्याकाळचं विमान पळायला लागलं होतं. मी जीपमधून बघत होतो. चाकं उचलायला थोडाच अवकाश होता, आणि लव्हाळ्यातून ते सगळं वर आलं. मी तुला खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला भीती आधी वाटली नाही. आधी वाटलं, हे केवढं आहे! विमान त्यापुढे खेळण्यातलं दिसत होतं. मग भीती वाटली. वैमानिक बाईंनी ब्रेक दाबले. टायरांचा धूर झाला आणि विमान पट्टीच्या अगदी कडेला थांबलं. आत भरलेलं होतं, खिडक्यांना चेहरे लागलेले. बाई खाली उतरल्या. त्या रागावतील म्हणून मी टोपी हातात घेऊन उभा होतो. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघं वर बघत राहिलो.

आता संध्याकाळची विमानं थव्याच्या वेळा टाळून सोडतो आहोत, पण पाखरं घड्याळ बघत नाहीत. एकदा वेळ चुकली तर काय होईल याचा विचार जेवताना येतो आणि घास तसाच राहतो.

एक चमत्कारिक गोष्ट. ह्या थव्यात काही पाखरांच्या छातीवर निळी झाक आहे. साहेबांनी पुस्तकं काढली, पण असली भोरडी कुठल्याच पुस्तकात नाही. नवीनच जात असेल असं म्हणून ते काळजीतसुद्धा हरखले आहेत.

तुझ्या दोन ओळी आल्या तर धीर येईल.

तुझा टिल्ल्या

---

ता. २३ डिसेंबर

चि. टिल्ल्यास आशीर्वाद.

साहेबांना सांग, ती नवीन जात नाही. ती माझी नीळ आहे.

पत्र वाचलं आणि हौदाच्या काठावर बसून राहिले. ज्या माझ्या हौदात अंघोळ करायच्या, त्याच त्या. आणि किंकाळीला भीत नाहीत कारण ती मीच त्यांना दिवसभर ऐकवली. तुझं हत्यार मी बोथट केलं, आणि वर थवा तुझ्याच दारात हाकलला. ते विमान उडालं असतं तर? खिडक्यांना लागलेले चेहरे तू लिहिलेस ना, ते मला गाठोडी बांधताना दिसतात.

रागाव माझ्यावर, पण आता काय करायचं ते सांग. जे सांगशील ते करीन, आणि या वेळी दुप्पट करणार नाही.

तुझी ताई

---

ता. ३० डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रागावलो असतो, पण कागदावर ओरडता येत नाही. आईने फार विचार करून नियम केला होता.

साहेबांना सगळं सांगितलं. कर्णा आपणच दिला होता हे आठवून त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, तुमच्या ताईंनी घालवलेला थवा ताईच परत नेऊ शकतील का, विचारा. आधी मला ती थट्टा वाटली. मग कळलं, दुसरा उपायच नाही.

ऐक. लव्हाळं कापायचं यंत्र आम्हाला सतरा जानेवारीला मिळतं आहे, त्याआधी नाही. त्या दिवशी पाखरं चरायला गेली की सगळं रान जमीनदोस्त करू. संध्याकाळी त्या परत येतील आणि झोपायची जागा नसेल. तेव्हा त्या आठवणीतली जागा शोधतील. हाकललेलं पाखरू जुनी जागा पुन्हा चाचपून बघतं, एवढं मला अनुभवाने माहीत आहे. तुझी झाडं जागेवर असतील, गल्लीत काळोख आणि शांतता असेल, तर त्या तिथे उतरतील. नसतील, तर धावपट्टीवर घिरट्या घालत राहतील, आणि मग माझ्याकडे काहीच उरत नाही.

तेव्हा अठरा तारखेला झाडं पडता कामा नयेत, नाहीतर एका रात्रीत त्या पुन्हा माझ्याकडे येतील. आणि सतरा तारखेला डबा सोड, भांडंसुद्धा वाजता कामा नये. ज्या गल्लीने चहा पिऊन आनंद साजरा केला तिला हे पटवायचं म्हणजे अवघड आहे, पण इस्पितळाच्या मेट्रनला जिने पुन्हा गोड केलं तिला काय अशक्य?

भाऊजींनाही यात ओढ. तुझ्या भरवशावर,

टिल्ल्या

---

ता. १० जानेवारी

चि. टिल्ल्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नगरपालिकेच्या साहेबांकडे गेले. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, बाई, झाडं तोडा म्हणून ओरडणाऱ्या तुम्हीच ना? आता तोडू नका म्हणून कोण ओरडतंय? मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्यांनी तक्रार मागे घेतली तर हुकूम रद्द होईल. एकही कमी चालणार नाही.

तेव्हापासून मी दारोदार फिरते आहे. उपद्रव नको म्हणून सह्या मागणं सोपं असतं रे. उपद्रव परत हवा म्हणून मागताना लोक आधी माझ्या कपाळाला हात लावून बघतात. पण मी प्रत्येकाला तुझ्या विमानाचं सांगते, आणि मग त्या संध्याकाळचं विचारते, त्या उठल्या तेव्हा तुम्ही कुठे होता? मजा म्हणजे सगळ्यांना आठवतं. कोण कुठल्या पायरीवर उभं होतं तेसुद्धा. बेकरीवाली म्हणाली, माझा पाव जळला होता त्या दिवशी, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने सही केली.

चादरींचाही तोडगा निघाला. मास्तरांनी स्वतः बॉयलरची तक्रार मागे घेतली. म्हणाले, बॉयलर पहाटेच पेटवा, मी मुलांना ओरडून शिकवीन, तसाही ओरडतोच. म्हणजे चादरी सकाळी दोरीवर आणि भोरड्या यायच्या आत घडी होऊन खाली. एवढी साधी गोष्ट, पण आम्ही एकमेकांवर तक्रारी करण्यात इतके गुंतलो होतो की कुणी जिना चढून विचारलंच नाही. मेट्रनबाईंनी इस्पितळातल्या बाद झालेल्या चादरी दिल्या आहेत. हे रात्रंदिवस मशीनवर बसून त्यांतून गल्लीतल्या गाड्यांसाठी खोळी शिवताहेत आणि मला शिव्या घालताहेत.

अडलं आहे ते पांढऱ्या गाडीवाल्यापाशी. तीनदा गेले. त्याच्या गाडीची खोळ सगळ्यात आधी शिवून नेली. त्याने ऐकून घेतलं, विमानाचं ऐकताना खाली बघितलं, आणि दार लावलं. खोळ दारातच राहिली. त्याच्या एका सहीवर सगळं थांबलं आहे. मी पुन्हा जाईन. नाक घासायला मला लाज नाही, आता तर मुळीच नाही.

काळजी घे, आणि घास टाकून उठू नकोस.

तुझी ताई

---

ता. १७ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू फोनवर फक्त एक शब्द बोललीस आणि ठेवून दिलास. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. बाकीचं पत्रातच लिहिशील हे ओळखलं. म्हणून माझ्या बाजूचं मी आत्ताच लिहून टाकतो.

लव्हाळं दुपारपर्यंत आडवं झालं. साहेबांनी थवा जाईपर्यंत उड्डाणं थांबवली होती. आम्ही सगळे पट्टीच्या कडेला उभे होतो, मी, साहेब, अग्निशमनवाले, आणि त्या वैमानिक बाई, सुट्टी असून आलेल्या. माझं पिस्तूल जीपमध्ये ठेवलं होतं. मुद्दाम. हात रिकामे असले की काय करावं कळत नाही, म्हणून मागे बांधले.

त्या आल्या. लव्हाळ्याच्या जागेवर खाली उतरल्या आणि तशाच वर उचलल्या गेल्या. एक फेरी, दुसरी फेरी, अगदी आमच्या डोक्यावरून. त्या थव्यातून एक आवाज येत होता, ओरडण्याचा नाही, नुसत्या पंखांचा. मला वाटलं, आता ह्या इथेच फिरत राहणार आणि उद्या मला साहेबांच्या खोलीत बोलावणं येणार. तेवढ्यात थव्याचं एक टोक धावपट्टीपलीकडच्या नदीच्या दिशेला लांबलं. बाकीचा थवा त्याच्यामागे ओढला गेला. सगळं आभाळ एका बाजूला कललं, ताई, आणि तुझ्या दिशेला निघून गेलं.

पाखरं माझ्यासमोरून जाताना मी हजारदा पाहिली आहेत. पण मी न हाकलता, आपणहून गेलेली पहिल्यांदा पाहिली. मी टोपी काढली. बघितलं तर साहेबांनीही काढली होती. संध्याकाळचं विमान वेळेवर सुटलं. ते दिसेनासं होईपर्यंत मी उभा होतो.

आता लिही. सगळं लिही, काही गाळू नकोस.

तुझा टिल्ल्या

---

ता. १८ जानेवारी

चि. टिल्ल्यास अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर एकच शब्द बोलले कारण दुसरा फुटला नाही. "आल्या" एवढंच.

पांढऱ्या गाडीवाल्यापासून सुरुवात करते. काल सकाळी बॉयलर पेटवत होते तर तो लॉन्ड्रीच्या दारात उभा. मला वाटलं गाऱ्हाणं असणार. म्हणाला, त्या दिवशी डबा वाजवताना माझा हात थांबला. मी आजवर काही सुरू केलं की थांबत नाही. तो का थांबला हे मला अजून कळत नाही, आणि झाडं गेली तर कधीच कळणार नाही. एवढं बोलून सही केली आणि खोळ मागितली. मी कागद घेऊन नगरपालिकेत अक्षरशः धावत गेले. साहेबांनी सह्या पडताळल्या आणि हुकमावर काट मारली.

संध्याकाळी गल्ली बघायला हवी होतीस. सगळ्या गाड्यांवर पांढऱ्या चादरी, घरांतले दिवे बंद, फोन मुके केलेले. ज्यांनी डबे बडवले तेच लोक पायऱ्यांवर, कठड्यांवर हाताची घडी घालून गप्प बसलेले. कुणाला शिंक आली तर तो नाक दाबून आतल्या खोलीत पळत होता. मी गच्चीत होते. हौद काठोकाठ भरून ठेवला होता, निळीसकट. हे शेजारी उभे होते. दिवस मावळला, आभाळ रिकामं. समोरच्या झाडांत एक पान हलत नव्हतं. माझ्या मनात तुझी धावपट्टी. त्या तिथेच फिरत राहिल्या तर? ह्यांनी माझा हात धरला, लग्नानंतर गल्लीदेखत पहिल्यांदाच.

मग लांब कुणीतरी धान्य पाखडायला लागलं.

मी आधी पाहिलं होतं त्याहून हे मोठं होतं, किंवा मीच त्या वेळी नीट पाहिलं नव्हतं. त्या कालव्यावर आल्या, वळल्या, आणि पाठ फिरवून निघाल्या. गल्लीतून एक बारीकसा आवाज उठला, सगळ्यांच्या घशातून एकदम. पण त्या पुन्हा वळल्या. या वेळी खालून, अगदी गच्चीच्या उंचीवरून, आमच्या अंगावर येऊन. पंखांचा वारा तोंडावर आला. गाड्यांवरच्या चादरी फुगल्या. आणि पोतं ओतावं तशा त्या झाडांत ओतल्या गेल्या, ओततच राहिल्या. रिकाम्या फांद्या होत्या तिथे पाखरंच पाखरं. मास्तर खालून ओठ हलवून मोजत होते. मग ओठ थांबले. त्यांनी मोजणं सोडून दिलं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गडबडीत एक चादर दोरीवर राहिली होती. तिच्यावर एक भोरडी येऊन बसली. छातीवर निळी. माझ्याकडे तिरकी मान करून बघितलं, आणि चादरीवर जे करायचं ते केलं. पांढऱ्या गाडीवाला आधी हसला, मग सगळी गल्ली. हसताना मला रडू आलं. का ते विचारू नकोस, ती परत आली म्हणूनच आलं असेल. तेव्हा फोन लावला.

ती चादर धुवायची आहे, पण आज नाही.

तुझा कर्णा इथे धूळ खात पडला आहे. तो न्यायला येतो म्हणून साहेबांकडे एक दिवस माग, आणि संध्याकाळपर्यंत थांब. आयुष्यभर तू पाखरं उठवलीस. आता एकदा बसताना बघायला ये. समोरून दिसतात, टिल्ल्या, सगळ्या समोरून, आपल्याकडे तोंड करून.

टोपी घालून ये आणि तोंड मिटून बघ. मला अजून ते जमलेलं नाही.

वाट बघणारी,

तुझी ताई